होज ज्याच्या हातात, निवड त्याच्या हातात

झाडूला मोटर बसवली म्हणून जात सुटत नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण आपल्यातले काही शिकलेले दोस्त म्हणतात, आता प्रेशरचा पंप आला, धुण्याचं काम इज्जतीचं झालं. कुणाच्या इज्जतीचं? धाराशिवात बघा, तुळजापुरात नवरात्राआधी लॉजच्या भिंती धुतात तिथं बघा. होज ज्याच्या खांद्यावर आहे त्याला त्याची वस्ती विचारा. मग पंप कुणाच्या नावावर आहे ते विचारा. पोथी उघडायची गरज पडत नाही.

२०१३ च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला बंदी केली. तरी माणसं मरत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. कारण साधन कोण निवडतो हा सवाल तसाच राहिला. बाहेरून भिंती धुणाऱ्याचा सवालही तोच आहे.

मी गोदीत कंटेनर धुतलेत. आमच्या ठेकेदारानं पंप घेतला तो डब्यावरचा आकडा बघून. जास्त बार म्हंजे जास्त भारी, एवढीच त्याची अक्कल. होज फुगला तर म्हणाला, टेप गुंडाळा. स्वतःच्या गाडीच्या ब्रेकला त्यानं टेप गुंडाळली असती काय?

दोस्तांनो, आकड्याला भुलू नका. दाब घाण सुटी करतो, पाणी ती वाहून नेतं. म्हणून बारसोबत मिनिटाला लिटर किती ते विचारायचं. होज लांब आणि बारीक असला की दाब वाटेतच मरतो. रंगवलेल्या भिंतीला, जुन्या प्लास्टरला रुंद फवाऱ्याचा नोझल आणि कमी दाब लागतो. नळदुर्गच्या पाणीमहालासारखं दगडचुन्याचं जुनं काम असेल तर जोराची धार सांध्यातला चुनाच उकरून काढते. मालकाला भिंत पांढरी दिसते आणि पुढच्या पावसात पाणी आत शिरतं. मग शिव्या कुणाला? धुणाऱ्याला.

होजवर काम करायचा दाब छापलेला असतो. तो पंपाच्या सगळ्यात जास्त दाबापेक्षा कमी असेल तर तो होज हातात घ्यायचाच नाही. वरचं रबर कापलं, आतली तार दिसली, कुठं फुगवटा आला, की तो होज मेला. त्याला टेप नाही, क्लॅम्प नाही. गळती हातानं चाचपायची नाही. पुठ्ठा धरून बघायचं. ही धार कातडीत सुईसारखी घुसते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत मांस सडायला लागतं. डॉक्टर नुसती पट्टी बांधून घरी पाठवत असेल तर ठणकावून सांगा, प्रेशरचं पाणी आत गेलंय, आत्ताच्या आत्ता सर्जन बघू दे. शिडीवर उभं राहून गन चालवायची नाही, ती मागं लाथ मारते. अर्थिंग आणि करंट तोडणारा ब्रेकर नसेल तर ओल्या जमिनीवर विजेचा पंप सुरू करायचा नाही.

पंप सांभाळणं म्हंजे हमाली नव्हे, हुन्नर आहे. पाण्याची टाकी पंपापेक्षा उंच ठेवा. आत येणारा पाइप जाड आणि आखूड ठेवा, नाहीतर हवा ओढून पंप कडकडतो. जाळी रोज धुवा. पंप कोरडा चालवू नका. गन सोडून पंप तसाच चालू ठेवला तर तेच पाणी आतल्या आत फिरून तापतं आणि सील जळतात. तेल दुधासारखं पांढरं झालं म्हंजे पाणी आत शिरलं. प्लंजर पंपाचं तेल साधारणपणे पहिल्या ५० तासांनी आणि पुढं दर ५०० तासांनी बदलतात. तरी त्या पंपाचं पुस्तक स्वतः वाचा. पंप बंद केल्यावर गन दाबून उरलेला दाब सोडा, मगच होज काढा.

आता पाण्याचं बोलू. मिनिटाला १५ लिटरचा पंप तासाला ९०० लिटर ओततो. आपल्या शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपली माय टँकरखाली घागर धरून उभी राहते आणि तिचा पोरगा तासाला ९०० लिटर लॉजच्या भिंतीवर मारतो. हे पाणी कुठून आणलं, कुणाच्या वाटणीचं आणलं, हे विचारायचा पहिला हक्क त्या पोराचा. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर पंपात खर साचते आणि मरणारा पंपही त्याच्याच माथी मारला जातो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खरेदीच्या वेळी होज धरणारा समोर बसला पाहिजे. होज बदलायचा की नाही हे तो ठरवील. पंपाची वही त्याच्याकडं राहील, आणि 'हे चालवणार नाही' असं तो म्हणाला तर त्याचा रोज कापला जाणार नाही. हे कुणी खुशीनं देणार नाही. चार-पाच पोरांनी वर्गणी काढून स्वतःचा पंप घ्यावा, नाहीतर एकजुटीनं होज खाली ठेवावा. तोवर निदान होजवरचा आकडा वाचायला शिका. तो अडाण्याला दिसू नये अशीच ठेकेदाराची इच्छा आहे.

जयभीम.