चित्र आणि त्याची नोंद

खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपल्या घरची वडील माणसे सांगत आली आहेत. कानापासून डोळ्यापर्यंतचे ते अंतर होय. ऐकलेले पारखून घ्यावे आणि पाहिलेले खरे मानावे, हा त्यातील बोध. परंतु पाहिलेले तरी नेहमीच खरे असते काय? संगणकाच्या जगातील एका नव्या साधनामुळे हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

संगणकावरील खेळ ज्या सामग्रीतून रचतात तिला गेम इंजिन म्हणतात. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व एरियल मान्सूर यांनी घडविलेले ‘गोडो’ हे असेच एक इंजिन. 2014 साली त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळे खेड्यातला विद्यार्थीही ते विनामूल्य वापरू शकतो. अलीकडे अशा इंजिनात कोड लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ करू लागले आहेत. एजंट भराभर कोड लिहितो, तो चालवितो, आणि चूक न आढळल्यास ‘काम झाले’ असे कळवितो. पण खेळातला घोडा जमिनीत अर्धा रुतला आहे, की गुणांचा आकडा पडद्याबाहेर गेला आहे, हे त्याला कोडमधून कळेलच असे नाही. म्हणून त्याला स्क्रीनशॉटचे साधन देतात. हे साधन चालू खेळाचे चित्र टिपते आणि एजंट ते पाहून आपले काम तपासतो. आंधळ्याला डोळे मिळाले, असे आपण म्हणू.

येथेच खरी मेख आहे. गोडोमध्ये दृश्य रेखाटून पूर्ण होण्यापूर्वीच चित्र टिपले, तर ते काळे किंवा जुने येऊ शकते. पडद्याविना, म्हणजे ‘हेडलेस’ पद्धतीने इंजिन चालविल्यास दृश्य रेखाटलेच जात नाही. मग टिपणार काय? ही गोष्ट कोठे लिहिलेली नसेल तर एजंट काळ्या चित्रावरून खेळच बिघडला असे समजेल आणि चांगला कोड मोडून बसेल. साधन चित्र केव्हा टिपते, केवळ खेळाचे टिपते की सगळ्या पडद्याचे, ते कोठे ठेवते, आणि चित्र मिळाले नाही तर तसे स्पष्ट सांगते काय, हे सारे माहितीपत्रकात असलेच पाहिजे. सगळा पडदा टिपला जात असेल, तर बाजूला उघडे असलेले कोणाचे खाजगी पत्रही त्यात येईल, ही सूचनाही हवीच.

काही जण म्हणतील, एजंटला कोड वाचता येतो. मग माहितीपत्रक कशाला? याचे उत्तर सरळ आहे. कोड वाचून साधन काय करते हे कळते. त्याने काय करावयास हवे होते, हे कळत नाही. आणि या दोहोंतील तफावत कळल्यावाचून चूक ही चूक म्हणून ओळखता येत नाही.

दादासाहेब फाळके यांनी 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली. तो लघुपट पाहणाऱ्यास रोप क्षणार्धात वाढताना दिसे. त्यातील प्रत्येक चित्र खरे होते. परंतु दोन चित्रांमध्ये किती काळ गेला हे ज्याला ठाऊक नाही, त्याची समजूत खोटीच होणार. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी 1917-18 साली ‘नवयुग’ मासिकात चित्रपटाविषयी लेखही लिहिले. केवळ करून दाखविणे पुरे नव्हे, कसे केले तेही सांगावे, ही दृष्टी त्यांच्याठायी होती.

आपण मादन हिप्परग्याची मुले. येथे मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. घरी आलेल्या पाहुण्याला आपली भाषा येत नसेल, तर काहीही गृहीत न धरता सांगावे लागते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. माहितीपत्रक लिहिणाऱ्याला नेमका हाच गुण हवा, कारण त्याचा वाचक प्रश्न विचारावयास समोर नसतो. असे माहितीपत्रक आपण मराठीत लिहावयास प्रारंभ केला, तर संगणकाचे ज्ञान इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडून राहणार नाही.

मात्र त्यासाठी आधी आपली प्रयोगवही तपासावी. प्रयोग करण्यापूर्वीच मार्गदर्शिकेतून निरीक्षणे उतरवून घेणारा विद्यार्थी आणि न पाहताच ‘काम झाले’ म्हणणारा एजंट, यांत अंतर ते काय? यंत्राला डोळे देण्याची व्यवस्था आपण करीत आहोत. आपल्याला ते जन्मतः मिळाले आहेत. ते उघडे ठेवून पाहावे, आणि जे पाहिले ते जसे पाहिले तसे लिहावे, एवढेच माझे सांगणे आहे.