पायरी, प्रकाश आणि एक खुर्ची

भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, सांडगे, लोणची विकणाऱ्या छोट्या दुकानांचे जुने गिऱ्हाईक बहुधा साठीपुढचे असते. दुकानाची सजावट करताना मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. एकदा तेथे तोल गेला, की घरची मंडळी ‘तुम्ही नका जाऊ, आम्ही आणतो’ म्हणतात. मग रोजचे चालणे, दुकानदाराशी होणारे दोन शब्द आणि स्वतः पाहून निवडण्याचा हक्क, सारेच एकदम सुटते.

पहिली अडचण दाराशीच असते. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून आपल्याकडे दुकानाचा ओटा उंच घेतात. उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. अरुंद पदपथावर तेवढी जागा कोठून मिळणार? म्हणून आखूड, उभा उतार बांधतात आणि तो पायरीहूनही घातक ठरतो. त्यापेक्षा सारख्या उंचीच्या बुटक्या पायऱ्या, कडेला ठळक पिवळी पट्टी आणि हाताशी भक्कम कठडा बरा. आत चकचकीत फरशी नको. छत्र्यांचे पाणी आणि तेलाचा एखादा थेंब यांची गाठ तेथेच पडते. सुटे पायपुसणेही नकोच.

वयोमानानुसार डोळ्याची बाहुली आकसते, नेत्रभिंग पिवळसर होते आणि दृष्टिपटलापर्यंत प्रकाश कमी पोचतो. त्यावर उपाय म्हणून काचेवर झगझगीत दिवे रोखले, तर मोतीबिंदू असलेल्याला बरणीऐवजी दिव्याचे प्रतिबिंबच दिसते. दिवा झाकलेला असावा आणि त्याचा उजेड पदार्थावर पडावा. पाट्या पांढऱ्यावर काळ्या, मोठ्या अक्षरांत हव्यात; वळणदार सोनेरी अक्षरे शोभेपुरतीच ठीक. सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे याची तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. ती तारीख चष्मा न शोधता वाचता यावी. साखर किंवा मीठ घातलेले आहे का, हेही तेथेच लिहिलेले असावे. मधुमेह वा रक्तदाब असलेल्याला ते चारचौघांत विचारावे लागू नये.

गल्ल्यापाशी पिशवी टेकवण्यापुरती फळी आणि हात असलेली एक खुर्ची हवी. हातांचा आधार नसेल, तर गुडघे दुखणाऱ्याला उठणे अवघड जाते. त्यासाठी बरण्यांची एक मांडणी कमी करावी लागली, तरी करावी. मात्र खुर्ची दुकानदाराच्या नजरेसमोर ठेवावी. कोपऱ्यात ठेवली, तर आठवड्याभरात तिच्यावर पिठाची पोती चढतात.