सरासरीची धास्ती

नीटनेटकी वही, रेखीव अक्षर, भाषेत वर्गात पहिला क्रमांक. अशा एका विद्यार्थिनीने नववीच्या गणिताच्या परीक्षेत सांख्यिकीची पाने कोरी ठेवली. "एवढी हुशार असून हे काय?" असे आम्ही विचारताच ती रडू लागली. तिच्याच वर्गातील एक अघळपघळ मुलगा मात्र मध्यक चुकला तरी हसत पुन्हा विचारी, आणि उत्तीर्ण होई.

पुढे वाचनात आले की, या भीतीचे मोजमापही झालेले आहे. १९८५ साली क्रूझ, कॅश व बोल्टन या अभ्यासकांनी त्यासाठी ५१ कलमांची मोजपट्टी रचली. भीतीची सहा अंगे त्यांनी सांगितली. त्यांत एक मदत मागण्याची भीती आणि एक चक्क शिक्षकाची! १९९९ मधील एका अभ्यासात, इतरांनी लादलेल्या परिपूर्णतेच्या अपेक्षेखाली वावरणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांत ही धास्ती अधिक आढळली. मूळचा स्वभाव चिंतातुर असेल, तर ती आणखी बळावते.

वाचून आम्ही ओशाळलो. आमचा तो प्रश्न म्हणजे अपेक्षेचे ओझेच होते. ती विद्यार्थिनी शाळा सोडून गेली. तिला हे सांगायचे राहून गेले.

आम्ही मराठीचे विद्यार्थी. प्रमाण विचलन आम्हांलाही एकदा सांगून उमगले नव्हते, हे आता वर्गात मोकळेपणी सांगतो. पालकांनीही "गुण किती?" याच्या आधी "आज काय अडले?" असे विचारून पाहावे. अबोल, गुणी मुलांना तर अवश्य विचारावे.