दोन कुत्रे, दोन भांडी आणि मध्ये बंद दार

घरात दुसरा कुत्रा आला, की ‘एकत्र जेवले की जमेल आपोआप’ असं बहुतेकांना वाटतं. शेजारी-शेजारी जेवणाऱ्या कुत्र्यांची रील छान दिसते, एवढंच. आपलं अन्न राखणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे, हट्ट नव्हे. खाताना अंग ताठरतं, तो भराभर गिळू लागतो, तिरक्या नजरेनं पाहतो, मग गुरगुरतो. त्यावर ओरडू नये. ओरडा खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देताच चावू शकतो.

त्यापेक्षा एकाला स्वयंपाकघरात, दुसऱ्याला बेडरूममध्ये वाढावं आणि दार लावावं. वन बीएचकेत बाथरूमही चालतं. 15-20 मिनिटांनी आधी भांडी उचलावीत, मगच दारं उघडावीत.

दिवसभर भरून ठेवलेलं सामाईक भांडं तर नकोच. पिल्लाचं खाणं मोठा फस्त करतो, किडनीचा त्रास असलेल्याच्या पोटात नको ते जातं. शिवाय जेवण नेमकं कुणी सोडलं, हेच कळत नाही. भूक मंदावणं हे अनेक आजारांचं सुरुवातीचं लक्षण. भांडं रिकामं दिसतं तोवर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.