दोन डायऱ्या

बाबांच्या डायऱ्या मी आणि दादा मिळून टाइप करतोय. तो त्याच्या जुन्या मॅकवर, मी लिनक्सवर. रविवारी त्याने आपलं सगळं काम माझ्या मशीनवरच्या एनएफएस शेअरवर कॉपी केलं. मी फोल्डर उघडलं तर त्याची पानं गायब!

"तुझ्या लिनक्सने खाल्ली," दादा. "तुझीच कॉपी करप्ट," मी.

मग नीट पाहिलं. 'डायऱ्या' नावाची दोन फोल्डर, एकाखाली एक. एकाच जागी, एकाच नावाची दोन? एक डिलीट करणारच होतो, पण आधी नावातले बाइट तपासले. गोम 'ऱ'मध्ये होती. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: अख्खा (तीन बाइट), किंवा 'र' आणि नुक्ता (सहा). दोन्ही एकच समजायचे, असं युनिकोड सांगतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावातली अशी अक्षरं फोडून ठेवते. (२०१७ साली आलेली एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते.) लिनक्स सहसा नुसते बाइट जुळवून बघतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

मला विचाराल तर 'करप्ट' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. बघायचा कंटाळा आला की करप्ट! इथे बाबांची एक ओळही बिघडली नव्हती. ती गेली असती ती माझ्या डिलीटने.

असो. दोन्ही फोल्डर एकत्र केली. नवं नाव दादाने सुचवलं: 'वह्या'.