काश्मीरकडे निघालेलं नळाचं पाणी
अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या नेरमध्ये डिसेंबरची पहाट कितीही बोचरी असो, रेडिएटरमधलं पाणी काही गोठत नाही. ट्रकचं इंजिन तापलं की नळाचं पाणी ओतायचं, ही सवय म्हणूनच इकडे खपून जाते. तोच ट्रक हिवाळ्यात माल भरून श्रीनगरला निघाला, की प्रकरण अंगाशी येतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटरच काय, बिडाचा ब्लॉकही तडकतो. त्याऐवजी निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी हे कूलंटचं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतं. गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, तेव्हा सढळ हात इथे कामाचा नाही. जुनं पाणी पूर्ण काढून, होज आणि थर्मोस्टॅट तपासूनच नवं कूलंट भरावं; तेही इंजिन निवल्यावर.