पडद्यांचीही शाकारणी हवी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावयाचे, पडवीला झड लागू नये म्हणून झापे बांधावयाचे आणि चार महिन्यांची बेगमी करून ठेवावयाची, ही कोकणातील जुनी रीत. आज थोडे खर्चून उद्याचे मोठे नुकसान टाळावयाचे, हे अर्थशास्त्र या रीतीमागे होते. आता रास्त भावाच्या दुकानातील ई-पॉस यंत्र, शाळेतील डिजिटल फळा, मासळी बाजारातील इलेक्ट्रॉनिक काटा अशा रूपांनी विजेवर उजळणारा पडदा किनाऱ्यावरील खेड्यांतही पोहोचला आहे. शाकारणीचा विचार मात्र त्याच्याबरोबर पोहोचलेला नाही.

या पडद्याचा शत्रू केवळ वरून पडणारे पाणी नव्हे. तीस अंश तापमानाची आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा सुमारे २६ अंशांपर्यंत निवली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. पावसाळी रात्री बंद यंत्र थंड होते तेव्हा हेच दव काचेमागे आणि मंडलावर साचते. त्यात समुद्राकडून येणारा क्षार मिसळला, की तांब्याच्या बारीक वाटा गंजतात व वीज भलत्या मार्गाने वाहू लागते. काट्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढविणारी कोळीण शिंतोड्यांपासून त्याचा बचाव करते. परंतु तीच पिशवी रात्रभर तशीच राहिली तर आतील ओल कोंडून धरते.

यावरील उपाय अज्ञात नाहीत. धूळ व पाणी यांना आवरण किती रोखते हे सांगणारी आयपी श्रेणी भारतीय मानकांनीही स्वीकारली आहे. आयपी ६५ श्रेणीचे आवरण धूळ पूर्णपणे रोखते आणि कोणत्याही दिशेने येणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यास दाद देत नाही. मंडलावर संरक्षक लेप देता येतो. पेटीत ठेवलेली सिलिका जेलची पुडी ओल शोषते व तापवून पुन्हा वापरता येते. यंत्र नियमितपणे चालू ठेवले तर त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेही दव धरत नाही. पेटी पावसाळ्यात कोरडी राहावी म्हणून कपाटात दिवा लावून ठेवणाऱ्या पेटीवादकाला हे तत्त्व पूर्वीच उमगले होते.

मग हे घडत का नाही? याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे. यंत्राची खरेदी भांडवली खर्चात जाते आणि देखभाल महसुली खर्चात. खरेदीचा समारंभ होतो; देखभालीच्या तरतुदीला कात्री लागते. निविदेत सर्वांत कमी किमतीला पसंती मिळाली, की लेप आणि चांगले आवरण प्रथम वगळले जाते. ज्याने खरेदीत बचत दाखविली त्याला दुरुस्तीचा भार सोसावा लागत नाही.

तो भार सोसतो तो सामान्य माणूस. ई-पॉसचा पडदा काळवंडला, की शिधापत्रिकाधारकाला रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते आणि मजुरी बुडवून दुसरा खेप घालावी लागते. काटा बिघडला, की मासळी विकणारीचा दिवसाचा व्यवहार अडतो. डिजिटल फळा बंद पडला, की मुलांचा पाठ राहतो. हा खर्च कोणत्याही कार्यालयाच्या वहीत नोंदला जात नाही. म्हणूनच स्वस्त यंत्र स्वस्त भासते.

तंत्र झपाट्याने बदलते, तेव्हा जुने यंत्र जपण्यात अर्थ काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बदलावयाचे म्हणून बदललेले यंत्र आणि ओलीने अकाली मेलेले यंत्र यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात भांडवल घसाऱ्याची मुदत भरण्यापूर्वीच संपते आणि वर ई-कचऱ्याची भर पडते.

म्हणून किनारी जिल्ह्यांसाठी होणाऱ्या खरेदीत आवरणाची श्रेणी आणि मंडलाचा लेप या अटी सक्तीच्या असाव्यात. निविदांची तुलना केवळ खरेदीच्या किमतीवर न होता यंत्राच्या संपूर्ण आयुष्यातील खर्चावर व्हावी. दरवर्षी मे महिन्यात तपासणी व्हावी आणि तिच्यासाठी राखलेली रक्कम अन्यत्र वळविता येऊ नये. छप्पर न शाकारता पावसाची वाट पाहणाऱ्या घरधन्याला गाव शहाणा म्हणत नाही. सार्वजनिक पैशाच्या कारभाऱ्यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.